नानांच्या लेकी

खोली बघायला आम्ही धुळ्यात देवपूरला गेलो, तेव्हा घरमालक नानांनी डिपॉझिटचं विचारलं नाही, नोकरी कुठे हेही विचारलं नाही. ओट्यावर पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "रातची भाकरी उरते, तिचं काय करता?"

मला वाटलं, माणूस माझ्या संसाराची परीक्षा घेतोय. मी ऐटीत सांगितलं, "उरतच नाही. उरलीच तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी. कण वाया जात नाही माझ्याकडे."

नाना उठले. "मग खोली नाही जमायची."

आमचे हे शाळेत क्लार्क, दिवसभर लोकांचे अर्ज वाचायची सवय. माणूस काय मागतोय ते त्यांना लवकर कळतं. ते म्हणाले, "उद्यापासून दोन जास्तीच्या करील ती."

नाना पुन्हा बसले. "या मग. सामान कधी आणता?"

असे आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो, आणि त्या दोन भाकरी मी पुढे किती वर्षं थापल्या त्याची मोजदाद नाही. नाना खाली एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाशिकला. सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. त्यांचं खरं नाव मी फक्त लाइट बिलावर वाचलं. गल्लीला ते नाना, मलाही नाना, म्हणून इथेही नानाच.

त्यांचा उद्योग एकच होता. टाकलेल्या कुत्र्या आणायच्या आणि त्यांना घर बघून द्यायचं. कुत्र्या म्हणजे माद्याच बरं का. स्टँडमागून, हायवेच्या कडेहून, पांझरेच्या काठावरून आणायचे. मी एकदा विचारलं, "नाना, तुमच्याकडे सगळ्या पोरीच कशा येतात?"

"कारण पोरगे लोक उचलून नेतात," ते म्हणाले. "पाच पिलं झाली की नर वाटले जातात. माद्या पोत्यात."

मी स्वतः चौथी मुलगी आहे.

म्हणून नाना कुत्रीला 'घर बघतो' असं म्हणतच नसत. 'स्थळ बघतो' म्हणत. घर मिळालं की 'सोयरीक जमली'. आणि गाडीत घालून नेलं की 'पाठवणी'. त्याआधी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सुया टोचून आणत, ऑपरेशन करून आणत. "आपल्याकडे आधी लगीन मग ऑपरेशन, माझ्या पोरींचं उलटं," असं चारचौघांत मोठ्याने सांगायचे. मी पदर तोंडाला लावून घरात पळायची.

स्थळ बघायला ते दुपारी दोनलाच जात. धुळ्याचं वैशाखातलं दुपारचं दोन म्हणजे काय, ते धुळ्यात राहिलेल्यालाच ठाऊक. कुत्री बरोबर. दारात जाऊन उभं राहायचं, काही बोलायचं नाही, फक्त बघायचं की घरचं माणूस पाणी कोणाला विचारतं. नानांनाच विचारलं तर नाना पाणी पीत, आभार मानत, आणि कुत्रीला घेऊन परत येत.

"का हो नाना, माणसं चांगली नव्हती का?"

"चांगली होती. मला सरबत दिलं. ती उन्हात उभी होती, ते कोणाला दिसलं नाही. स्थळ मोडलं."

बसने न्यायची वेळ आली की कंडक्टरशी भांडण ठरलेलं. कंडक्टर म्हणायचा, लगेज फाडतो. नाना म्हणायचे, "लगेज नाही, पॅसेंजर आहे. हाफ फाड." आता नानांच्या हाताखाली शिकलेली पोरं ती, वाद कुठवर घालणार? हाफ तिकीट फाडायची. नाना ते तिकीट कुत्रीच्या पट्ट्यात खोचायचे आणि खिडकीशी बसायचे.

बोलायची त्यांची एक गंमत होती. माणसांशी मराठी, कुत्र्यांशी अहिराणी. सकाळी खालून आवाज यायचा, "काय व माय, जेवनी का?" मी एकदा म्हटलं, आमच्याशीही बोला की तसंच. तर म्हणाले, "मराठीत मी नोकरी केली. गाडी पाच मिनिटांत सुटेल, असं सगळी हयात मराठीत सांगितलं. जिभेला खोट्याची सवय लागली. मायबोलीत खोटं येत नाही, आणि कुत्र्याशी खोटं बोलू नये."

आणि सगळ्यात मोठा कायदा, नाव ठेवायचं नाही. कोणत्याही कुत्रीला त्यांच्या घरी नाव नव्हतं. सगळ्या 'माय' किंवा 'पोरगी'. "नाव सासरचे ठेवतील. आपण ठेवलं की दोरी बांधली गेली. मग ती तिकडे रमत नाही आणि आपण इकडे," असं म्हणायचे. माझ्याकडे बोट करून वर सांगायचे, "नाव ठेवायचं नाही. नावं हवी तेवढी ठेवा."

तशी मी ठेवायचीच. जिन्यात केस, ओट्यावर पायाचे ठसे, वाळत घातलेल्या पापडांवर एकीने दिलेली बैठक! नाना ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोला, बोला. ही नावं तिला लागत नाहीत."

साक्रीच्या पाहुण्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही.

नानांचे एक जुने ड्रायव्हर मित्र साक्रीला राहत होते. नानांच्या या छंदाची त्यांना काहीच कल्पना नव्हती. नानांनी त्यांना फोन केला, जुना दोस्त म्हणून अहिराणीतच. मी जिन्यात लसूण सोलत होते, सगळं ऐकलं. "पोरगी शे एक. रंगनी गोरी, सभावनी गरीब. जास्त खास नही, दोन भाकरीत भागस. देख एखादं स्थळ." ड्रायव्हरांनी बिचाऱ्यांनी बघितलं. पुढच्याच रविवारी जीपमधून पाच माणसं उतरली. इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा, त्याचे आई-वडील, मामा, आणि काठी टेकत आजी. मामाच्या हातात नारळ.

मला वाटलं, एका कुत्रीसाठी पाच माणसं! साक्रीचे लोक हौशी दिसतात. मी पोहे टाकले.

चहा झाला. मुलाच्या आईने घसा साफ केला. "मुलगी कुठे आहे?"

"मागे बांधलीये," नाना म्हणाले.

मुलाच्या आईने मामांकडे बघितलं.

"बांधलीये?"

"सोडली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. लाडाने हो. चावत नाही."

मुलगा उठून उभाच राहिला. वडिलांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि जरा धीर करून विचारलं, "शिक्षण किती?"

"बस म्हटलं की बसते," नाना म्हणाले. "हात मागितला की देते."

तेवढ्यात मागची दोरी सुटली असावी. गोरी पोरगी शेपटी हलवत बैठकीत आली आणि सरळ नवऱ्या मुलाच्या मांडीवर दोन पाय ठेवून उभी राहिली. मामा ओरडले, "हा काय चावटपणा लावलाय!" नानांना अजून समजलंच नव्हतं. ते म्हणाले, "बघा, पसंत पडलं तिला स्थळ."

आमचे हे मध्ये पडले आणि समजावून सांगितलं, म्हणून बरं. मामा नारळ उचलून निघालेच होते. पण ती आजी हसायला लागली ती थांबेना. चष्मा काढून डोळे पुसले, आपली बशी खाली ठेवली, तीत ग्लासातलं पाणी ओतलं आणि कुत्रीपुढे सरकवलं. "पोरगी बघाले उनूत ना? मंग खाली हात कसाले जावानं?" असं म्हणून तिने कुत्री जीपमध्ये घातली. नाना हात जोडून उभे होते. बशीत पाणी ओतलेलं त्यांनी बघितलं होतं.

नारळ आमच्याकडेच राहिला. त्याच्या वड्या केल्या मी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास मात्र नाना वेगळेच व्हायचे. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आणायची. तिला घ्यायला जातो तो मुराळी. गल्लीत झोके बांधले जायचे, पोरी यायच्या, आणि नाना पिशवी घेऊन स्टँडवर जायचे. पिशवीत माझ्याकडून करून घेतलेल्या कोऱ्या पोळ्या, गूळ नाही, पुरण नाही. पारोळ्याला दोघी, एरंडोलला एक, शिरपूरला एक, साक्रीची गोरी. आणायचं नाही कोणाला, नुसतं भेटून यायचं. आठवडाभर चालायचं ते. परत आले की ओट्यावर बसून मला सांगायचे, कोणती जाड झाली, कोणाला बैलगाडीखाली चालायची सवय लागली.

"ओळखतात का हो तुम्हाला?"

"पिशवीला ओळखतात," म्हणायचे. पण चेहरा काही दुसरंच सांगायचा.

आता एका लंगडीबद्दल.

ती पांझरेच्या लहान पुलाजवळ सापडली. मागचा डावा पाय मोडून तसाच वाकडा जुळलेला. मातकट रंग, एक कान फाटका. तिला तीनदा स्थळ बघितलं, तिन्हीदा नकार. एक म्हणाला, चालताना बरी दिसत नाही. नाना त्याला म्हणाले, "राखण पायाने करतात की तोंडाने?" पण जमलं नाही. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झोपायची. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती. पहिले महिनाभर मी भाकरी लांबून टाकायची. मग एक दिवस बादली घेऊन उतरताना माझा पाय घसरला, तर ती आडवी आली. मी तिच्यावर पडले, ती कळवळली, पण हलली नाही. तिथेच बसून मी तिचा वाकडा पाय चोळला आणि माझ्या तोंडातून एक नाव निघून गेलं.

नंतर रोज भाकरी देताना हळूच त्या नावाने हाक मारायची. नाना घरात नाहीत हे बघून. चोरीच ती.

दिवाळीनंतर नानांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा येऊन नाशिकला घेऊन गेला. जाताना नाना गाडीत बसले, काच खाली केली. "बाकी सगळ्या लागल्या मार्गाला. लंगडीचं तेवढं बघा, ताई."

मी म्हटलं, "तुम्ही ठेवून घ्या ना तिला, नाना. परत आल्यावर."

"माझं तिकीट किती स्टेजचं उरलंय, मला माहीत नाही. मध्येच उतरायची वेळ आली तर ती कोणाच्या भरवशावर?"

महिनाभरात मुलाचा फोन आला. नाना आता तिकडेच राहणार, घर विकायला काढलंय. आमचे हे रिटायर झालेले, आमचाही मुलगा जळगावला बोलावत होता. तिसरा मजला, सोसायटीचा नियम, कुत्रं चालणार नाही. संक्रांतीपर्यंत घर रिकामं करायचं होतं. सामान बांधलेलं, आणि ही तिसऱ्या पायरीवर.

नाना दर रविवारी फोन करायचे. तब्येतीचं विचारलं की टाळायचे. "स्थळ?" एवढंच.

मी देवपुरात फिरले. दुपारी दोनला, त्यांच्यासारखीच. एका कॉलेजच्या सरांच्या बंगल्यात गेले, मला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं. ती फाटकाबाहेर. मी परत आले. दुसरीकडे बाई म्हणाल्या, पाय बरा करून आणा मग बघू. शेवटी मी थकले. एका रविवारी फोनवर म्हणून गेले, "नाना, गल्लीतच राहू द्या ना तिला. सगळे ओळखतात. कोणी ना कोणी तुकडा टाकेल."

ते खोकले. मग म्हणाले, "स्टँडवर टाकलेल्या पोरीलाही सगळे ओळखतात, ताई. घरी कोणी नेत नाही."

माझं माहेर रावेरकडचं, केळीचा पट्टा. माझ्या भावजयीची एक मावसबहीण सावद्याच्या पुढे मळ्यात राहते. नवरा वारलेला, दोन गडी माणसं, बाकी ती आणि केळी. भावजय म्हणाली, विचारून बघ. मी विचारलं नाही. नानांच्या रीतीप्रमाणे कुत्रीलाच घेऊन निघाले.

धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टर तरुण मुलगी होती. "मावशी, हे बसमध्ये?"

मी सांगितलं, "नानांची लेक आहे. शेवटची."

तिने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर नानांना ओळखणारा निघाला. मागच्या सीटवर बसा म्हणाला. मुलगी मशीन घेऊन आली. "तुमचं बाईमाणसाचं अर्धं. तिचं लगेज करू?"

"लगेज नाही," मी म्हटलं. "तिचंही अर्धं."

हसली पोरगी. "म्हणजे दोघी मिळून एक."

ते तिकीट मी लंगडीच्या पट्ट्यात खोचलं. जळगाव गेलं, भुसावळ गेलं. तापीच्या पुलावर आलो की लांब दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, ती तिला दाखवली. हसू नका. नानाही दाखवायचे.

मळ्यात पोहोचलो तेव्हा बरोबर दोन वाजले होते. ती बाई केळीच्या पानांचा भारा टाकून पुढे आली. मी दारात उभी राहिले, तोंडातून शब्द काढला नाही. खरं सांगते, माझ्या स्वतःच्या लग्नात मी एवढी घाबरले नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं, कुत्रीकडे बघितलं. घरात गेली, पाण्याने भरलेलं घमेलं घेऊन आली आणि माझ्यापुढून नेऊन तिच्यासमोर ठेवलं.

"बसा अक्का," मला म्हणाली. "तिले आधी पिऊ द्या. तुमी तोंडानं मागसान, ती कशी मागीन?"

मी तिथेच खाली बसले आणि रडले. त्या बाईला वाटलं मला बस लागली. कुत्रीचा पाय लंगडा आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मले कुठी तिले शर्यतीत पाठवायचं शे?"

निघताना मी पट्ट्यातलं तिकीट काढून घेतलं. ती घमेल्यात तोंड घालून होती. वळून बघितलं नाही. तेच बरं, नाना म्हणाले असते.

त्या रविवारी फोन मी केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पाणी आधी कोणाला?"

"तिला."

मग म्हणाले, "ताई, नाव ठेवलं होतं का?"

"नाही हो नाना."

"मराठीत सांगितलं. आता मायबोलीत सांगा."

माझी मायबोली काही अहिराणी नाही. पण रावेरची आईची बोली इतक्या वर्षांनी कुठून जिभेवर आली कोणास ठाऊक. म्हटलं, "ठेवलं व्हतं, नाना. म्या ठेवलं व्हतं."

मला वाटलं रागावतील. ते हसले. मग माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा अहिराणीत बोलले. "व्हई जास व माय. आते ते नाव तुनाजवळच ठेव. तिले नको सांगू."

होळीच्या आधी नाना गेले. मुलाने फोन केला तेव्हा दिवस होऊन गेले होते, मला जाताही आलं नाही. घर विकलं गेलंच होतं. म्हणजे आता देवपुरात ना ओटा, ना तिसरी पायरी.

इथे जळगावात मी बरी आहे. लिफ्ट आहे, नातवंडं आहेत. बिल्डिंगमधल्या बायका मला गावावरूनच हाक मारतात, आपल्याकडची रीतच ती. लग्न होऊन आले तेव्हा सासरी मी रावेरवाली होते. आता धुळेवाली. "धुळेवाल्या काकू, येता का खाली?" मी जाते. पण भाकऱ्या थापताना हात अजून दोन जास्तीच्या थापून मोकळा होतो. सून म्हणते, "आई, उरतात." उरू देत.

आखाजी आली. सकाळपासून मला करमेना. पारोळा, एरंडोल, शिरपूर, तिथल्या पोरी वाट बघत असतील का? त्या सगळ्या मळ्यांचे नि घरांचे पत्ते नानांच्या डोक्यात होते, तिथेच गेले. मला एकच ठाऊक होतं. कोऱ्या पोळ्या केल्या, पिशवी घेतली. आमचे हे म्हणाले, "माहेर उरलं नाही, आणि मुराळी कसली निघालीस?"

"भेटून येते नुसती," मी म्हटलं.

त्या प्रवासाचं माझं एकटीचंच अर्धं तिकीट. जुनं तिकीट पाकिटात होतं, ते काढून बघितलं तर कोरं. मशीनची शाई, उडून गेलेली.

मळ्यात शिरले तर ती लांब केळीच्या सावलीत पडलेली दिसली. भरलेली होती चांगली, अंगावर तेज आलं होतं. फाटका कान तेवढा तसाच. मी थांबले. ते नाव जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. एक हाक, आणि मला कळलं असतं की ती मला विसरली की नाही. इतकं मन झालं होतं, काय सांगू. मग मी ओठ घट्ट मिटले. पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

तेवढ्यात मागून, घराच्या दारातून, त्या बाईचा आवाज आला.

"ए धुळेवाली! ये वं माय, पानी पे!"

मी "आले" म्हणून वळले.

केळीखालून तीही उठली होती. लंगडत, शेपटी हलवत, माझ्या अंगावरून दाराकडे निघाली. जाता जाता पिशवीशी थांबली.